परिसराच्या सरासरीत

तुम्हाला ऐकू येत होतं. आधी एवढं कबूल करा, मग बाकीचं बोलू. पूर्वी तुम्ही महापालिकेतले लोक म्हणायचात, माणसं कमी, तक्रारी फार, कुठल्या गल्लीतली कुठली भिंत कधी फुगली हे आम्हाला कसं कळणार? ते तेव्हा खपून गेलं. आता खपणार नाही. मागपेठेतल्या एकेका घराची हाडं कशी कुरकुरतात हे तुम्ही रोज ऐकत होता आणि ऐकून दाबत होता. ज्यांच्या अंगावर घर पडलं त्यांना ते माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.

मागपेठ म्हणजे शहराचा जुना कापडवाला भाग. चादरी, टॉवेल, पंचे. खाली माग, वर माणसं, त्याच्यावर आणखी माग आणि त्याच्यावर आणखी माणसं. मंजुरी तळमजल्याची, घर तीन मजली. अशा बांधकामाची तक्रार केली की पुढं काय होतं हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. अर्ज टपालात पडायचा. बऱ्याच दिवसांनी निरीक्षक यायचा, वर बघायचा, खाली बघायचा, चहा प्यायचा. दारावर नोटीस डकवायचा. मालक कोर्टातून स्थगिती आणायचा आणि तिच्या सावलीत आणखी एक मजला चढवायचा. तक्रार करायची ती घर वाचावं म्हणून नव्हे, शेजाऱ्याची जिरावी म्हणून. चुलतभावानं गॅलरी काढली, कर तक्रार. जावेनं जिन्याखाली मोरी बांधली, कर तक्रार. शहराच्या तक्रारींत निम्मी भाऊबंदकी आणि निम्मी खरी भीती. दोन्हींचा निकाल एकच, धूळ.

मग यंत्र आलं.

त्याचं सरकारी नाव ‘श्रवण’. कल्पना साधी होती आणि खरं सांगायचं तर सुंदर होती. शहराच्या रस्त्यांखाली इंटरनेटच्या केबली आधीपासून पुरलेल्या होत्या. केबलीच्या पोटात केसासारखे काचेचे तंतू. तंतूच्या एका टोकातून प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी आत बारीकसारीक खोट असतेच. त्या प्रत्येक खोटीवरून चिमूटभर प्रकाश माघारी फिरतो. वरची जमीन थरथरली की तंतू कणभर ताणला जातो आणि माघारी येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. म्हणजे नवी यंत्रं न बसवता अख्ख्या रस्त्याला कान फुटले, दर दोन पावलांवर एक.

आणि इमारतीला स्वतःचा सूर असतो. तंबोऱ्याच्या तारेला असतो तसा. वाऱ्यानं, गाड्यांनी, माणसांच्या चालण्यानं प्रत्येक घर अगदी बारीक डुलत असतं. घर ताठ असेल तर झपझप डुलतं, सेकंदाला पाच-सहा वेळा. भिंतीला तडे गेले, पाया खचला, वरचं ओझं वाढलं की डुलणं संथ होतं. तार सैल पडली की सूर उतरतो, तसा घराचा सूर उतरतो. रस्त्याखालची काच हा सूर ऐकते. घराला हात न लावता, निरीक्षकाला चहा न पाजता कळतं की हे घर किती थकलंय.

आता तक्रार करायची तर फोनमध्ये बोलायचं. यंत्र त्या घराचा सूर तपासणार आणि फोनवर रंग दाखवणार. हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल आला की महापालिकेनं घर रिकामं करायलाच हवं, नाही केलं आणि घर पडलं तर जबाबदारी तिची, असा कायदाही झाला. टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. सरोजा येमूलनंही त्यातला एक पेढा खाल्ला होता.

सरोजा अठ्ठावन्न वर्षांची. धाकट्या भावाच्या, अंबादासच्या, कारखान्यात कांड्या भरायची. म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी यंत्रावर गुंडाळून द्यायची. नवरा वारल्यावर ती याच गल्लीत समोर एका भाड्याच्या खोलीत येऊन राहिली. आई गेली तेव्हा अंबादास शाळेत होता. त्याचं खाणंपिणं, गोवर, मारामाऱ्या, सगळं तिनं काढलं. पुढं त्यानं घर बांधायला घेतलं तेव्हा तिनं हक्कसोडपत्रावर सही करून दिली. पेठेतल्या सगळ्याच बहिणी देतात. बदल्यात माहेर मिळतं, म्हणजे दिवाळीला साडी आणि एरवी टेकायला उंबरा.

त्या घराला खाली माग होते, पहिल्या मजल्यावर माग होते आणि दुसऱ्यावर अंबादास, त्याची बायको रेणुका आणि मुलगा प्रवीण राहत होते. आता प्रवीणचं लग्न ठरलं म्हणून तिसऱ्याची तयारी चालली होती. गच्चीवर विटांची थप्पी लागली होती.

“अंबू, वर काही चढवू नको रे,” सरोजा म्हणाली. दोघं कांडीच्या खोलीत होती. “या खोलीचं दार बघ. दिवाळीपासून लागत नाही.”

“पावसाळ्यात लाकूड सुजतं अक्का.”

“दिवाळीपासून म्हणाले मी. दोनदा रंधा मारून घेतला. दार तेवढंच आहे, चौकट वाकडी व्हायलीय.”

“मग? सून काय मागावर झोपवू?”

“झोपव की. माग निदान अंगावर तरी यायचा नाही.”

अंबादास हसला. त्याला हसून विषय संपवायची सवय होती. “तुला सगळं पडतंच वाटतं. मी सायकल शिकताना पण तू असंच म्हणायचीस.”

“पडलास की. पुढचा दात कुणाचा आहे तोंडात? डॉक्टरचा.”

गवंडी आले, वाळू आली. सरोजा रोज दाराकडं बघायची. एकदा दुपारी सगळे जेवायला वर गेले असताना तिनं फोन काढला आणि श्रवणमध्ये बोलली. भावाचं घर, गल्लीचं नाव, दार लागत नाही, दोनदा रंधा मारला, वर आणखी मजला चढतोय. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील असं फोननं गोड आवाजात सांगितलं.

नाव गुप्तच राहिलं. पण मालकाला बाजू मांडता यावी म्हणून तक्रारीचा मजकूर त्याला जसाच्या तसा पाठवायचा, हा नियम कुणा शहाण्यानं केला होता. दुसऱ्या दिवशी अंबादास फोन हातात धरून कांडीच्या खोलीत आला. त्यानं यंत्राचं बटण बंद केलं. मागे पहिल्या मागावरचे दोघं कारागीर मान वळवून बघत होते.

“रंधा दोनदा मारला,” त्यानं वाचलं. “हे तीन माणसांना माहीत. तुला, मला आणि सुताराला. सुतार माझ्यावर जळत नाही.”

सरोजानं हातातली कांडी खाली ठेवली. “मी केली तक्रार.”

“का?”

“ते त्यात लिहिलंय की. चौकट वाकडी झालीय म्हणून.”

“खरं सांग. हक्कसोडीची सही आता टोचायला लागली का?”

तिला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा ती उठून त्या दाराशी गेली आणि ते ढकललं. दार चौकटीला अडून उघडंच राहिलं. “तुझी एक वीट नको मला,” ती म्हणाली. “त्या विटा खाली येऊ नयेत एवढंच.”

एवढ्यात अंबादासचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा सैल पडला. मग त्यानं कारागिरांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. “कंपन परिसराच्या सरासरीत. रंग हिरवा. इमारत सुरक्षित. तक्रार निकाली.” फोन त्यानं तिच्या डोळ्यांसमोर धरला. “आतापर्यंत मलाही थोडी धाकधूक होती, खोटं कशाला बोलू. आता नाही. तुझ्याच मेहेरबानीनं.”

आणि हेच घडलं. जी तक्रार घर थांबवायला केली होती, तिनंच घराला दाखला मिळवून दिला. अंबादासनं तो हिरवा दाखला छापून कारखान्याच्या दाराला चिकटवला. गवंड्यांनी भीड सोडली. तिसऱ्याचा स्लॅब पडला. सरोजाला कामावर येऊ नको असं कुणी म्हणालं नाही, पण सोमवारी तिच्या जागेवर दुसरी बाई बसलेली होती. गल्लीत बायका तिच्यामागं बोलायच्या आणि समोर आली की भाजीचे भाव काढायच्या. भावाच्या सुखावर विरजण घालणारी बहीण. पेठेत यापेक्षा वाईट शिवी नाही.

सरोजा महापालिकेत गेली. श्रवणचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता आणि तिथं कुलथे नावाचे एक इंजिनिअर बसायचे. चाळिशीचे, दाढी वाढलेली, समोर तीन पडदे. बाई ऐकून घेत नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली.

“मावशी, हिरवं आलंय ना? मग कशाला त्रास करून घेता?”

“परिसराची सरासरी म्हणजे काय साहेब?”

कुलथे उठून दार लोटून आले.

“तुमच्या पेठेतल्या सगळ्या घरांचे आकडे घ्यायचे आणि त्यांच्याशी एका घराची तुलना करायची. फार खाली असेल तरच लाल.”

“आणि सगळीच घरं खाली असली तर?”

“तर कुणीच खाली नाही.”

“वर्गातली सगळी पोरं नापास झाली म्हणून सगळ्यांना पास केलं, असं?”

“आधी असं नव्हतं.” कुलथ्यांनी चष्मा काढून पुसला. “आम्ही यंत्र पहिल्यांदा चालवलं तेव्हा खरे आकडे होते. मागपेठेचा नकाशा लालभडक झाला. वर गदारोळ. एवढी माणसं नेऊन ठेवायची कुठं? माग बंद पडले तर शहर खाणार काय? आणि लाल दाखवल्यावर जबाबदारी आपली. मग वरून आदेश आला, तुलना करा. एका ओळीचा बदल होता. मीच केला.”

“आणि तिकडं, बंगल्यांच्या बाजूला?”

“तिकडं घरं ताठ आहेत. तिथं कुणी गच्चीवर पत्र्याची शेड टाकली तरी सरासरीतून उठून दिसते. दोन दिवसांत पाडतो.” ते कडवट हसले. “तिकडं श्रवणची फार वाहवा आहे.”

“माझ्या भावाच्या घराचा खरा आकडा किती?”

“तो सांगता येत नाही.”

“माहीत नाही की सांगता येत नाही?”

कुलथ्यांनी पडद्याकडं पाहिलं. तिच्याकडं न बघता बोलले. “मावशी, झोका चढवताना आपण काय करतो? झोका मागं आला की बरोबर त्याच वेळी ढकलतो. जोर थोडाच लागतो, वेळ साधावी लागते. तुमचे माग सेकंदाला तीनेक ठोके देतात. पूर्वी घर पाचावर डुलायचं, मागाचा ठोका त्याला लागायचा नाही. आता ते उतरत उतरत जवळजवळ मागाच्या ठोक्यावर आलंय. म्हणजे प्रत्येक ठोका झोक्याला लागतोय. अजून उभं आहे, कारण गल्लीतले माग वेगवेगळ्या वेळी सुरू होतात. एकाचा ठोका पुढं, एकाचा मागं. एकमेकांचा जोर खातात.”

सरोजाला सगळं कळलं नाही. जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. “मग लाल कसं करायचं?”

“एक वाट आहे. मागांच्या गोंगाटात घेतलेलं मोजमाप ‘अस्वच्छ’ धरतात, त्यालाच तुलना लावतात. गल्ली तासभर शांत असेल तर मोजमाप ‘स्वच्छ’. स्वच्छ मोजमापाला सरासरी लागत नाही, खरा आकडा बघतात. नियम तसाच राहून गेलाय. पण तुमच्याकडं माग बंद कधी असतात? बुधवारी वीज नसायची म्हणून सुट्टी असायची, बॅटऱ्या आल्यापासून तीसुद्धा गेली.”

सरोजा घरोघर फिरली. तासभर माग बंद ठेवा, एकदाच.

“तासभर? सरोजाक्का, ऑर्डर तू पुरी करणार का?”

“लाल आलं तर घरातून काढतील आम्हाला. हिरवं आहे ते बरं आहे की.”

एकानं तर सरळच विचारलं, “भावाचं घर पाडून तुला काय मिळणार आहे?” अंबादासच्या शेजारच्या म्हाताऱ्या इरय्यामामांनी तेवढं पाणी दिलं, बसवून घेतलं आणि म्हणाले, “मी बंद केले असते पोरी. पण आता पोरगं चालवतंय. मला आता कुणी जेवलास का म्हणून पण विचारत नाही.”

मार्च महिन्यात इरय्यामामा गेले. वय झालं होतं, सकाळी उठलेच नाहीत.

पेठेची एक रीत आहे. गल्लीत कुणी गेलं की माग थांबतात. सगळे, शत्रूचेसुद्धा. माणसं स्मशानातून परत येऊन आंघोळी होईपर्यंत गल्लीत ठोका वाजत नाही. आणि नंतर एकट्यानं माग सुरू करायचा नाही, गेलेल्याचा जीव त्या मागापाशी घोटाळतो म्हणतात. सगळ्यांनी आपापल्या बटणापाशी उभं राहायचं आणि कुणीतरी हाक दिली की एकदम सुरू करायचे.

इतकी शांतता सरोजानं किती वर्षांत ऐकली नव्हती. कुणाच्या तरी घरातला नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता. ती इरय्यामामांच्या ओसरीवर बायकांत बसली होती आणि पदराखाली फोन धरून होती. तिला स्वतःची लाज वाटत होती. पुढ्यात ज्यानं आपल्याला पाणी दिलं त्याचं प्रेत, आणि आपण काय बघतोय. तिरडी उचलली. पुरुष गेले. त्यात अंबादासही होता, खांदा द्यायला पुढं. बायका आंघोळीला आपापल्या घरी पांगल्या.

सरोजा तिथंच बसून राहिली. आणि फोनवरचा श्रवणचा नकाशा बदलला. आधी अंबादासचं घर लाल झालं. मग इरय्यामामांचं. मग पलीकडचं, त्याच्या पलीकडचं. बघता बघता अख्खी गल्ली लाल.

ती उठली आणि धावत भावाच्या दारात गेली. जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक मारली, “रेणुका, खाली ये. प्रवीण आला की त्यालाही वर जाऊ देऊ नको.”

रेणुका वरच्या कठड्याशी आली. नुकती न्हालेली, केस पंच्यानं बांधलेले. किती दिवसांनी दोघी समोरासमोर येत होत्या. “काय झालं अक्का?”

“लाल आलंय. बघ ये.”

“अक्का, सगळं धुऊन पुसून घेतलंय. देवापुढं दिवा लावलाय. तुम्ही तशाच आलाय, मयताच्या दारातनं.” रेणुकाचा आवाज वाईट नव्हता. उलट मऊ होता. “आंघोळ करून या. खरंच या. मी चहा टाकते, बसून बघू काय ते.”

सरोजाचा एक पाय पहिल्या पायरीवर होता. वर जाऊन तिचा हात धरून ओढायला काही मिनिटं लागली असती. पण प्रेताला शिवून आलेल्या बाईनं न न्हाता कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हे तिच्या अंगात हाडासारखं होतं. शिवाय भावजय इतक्या दिवसांनी चहाला बोलावत होती. तिनं पाय खाली घेतला. समोरच्या खोलीत जाऊन डोक्यावरून घाईघाईनं पाणी ओतून घेतलं.

ओल्या केसांनी फोन हातात घेतला तर गल्ली हिरवी होती. खाली बारीक अक्षरांत आलं होतं : एकाच परिसरात एकाच वेळी मर्यादेपेक्षा जास्त इमारती लाल. उपकरणदोष गृहीत. मोजमाप रद्द. पूर्वीची स्थिती कायम.

ते कुणी बसून केलं नव्हतं. तेवढा वेळही कुणी दिला नव्हता. आधीच लिहून ठेवलेलं होतं. खरं इतकं मोठं असेल तर ते खोटं समजा, असं तुम्ही यंत्राला शिकवून ठेवलं होतं.

तिनं कुलथ्यांना फोन लावला. त्यांनी उचलला. “मी बघितलं,” ते म्हणाले. “माझ्या पडद्यावर अजून आहे. मावशी, माणसं बाहेर काढा.”

“तुम्ही सांगा ना त्यांना. माझं कोण ऐकतंय? माइकवरून सांगा, गाडी पाठवा.”

“मला अधिकार नाही,” ते म्हणाले. तिनं फोन बंद केला.

पुरुष परतले होते, कडुनिंबाचा पाला चावून, आंघोळी करून आपापल्या कारखान्यात उभे होते. प्रवीण वर कपडे बदलत होता. सरोजा अंबादासच्या दारात पोचली तेव्हा तो दाराजवळच्या बोर्डापाशी बटणावर हात ठेवून होता.

“अंबू, थांब. मघाशी लाल झालं होतं. सगळी गल्ली.”

त्यानं स्वतःचा फोन काढून पाहिला. तिच्याकडं वळवला. “हिरवं आहे अक्का.”

“आता आहे. मघाशी लाल होतं. रेणुकाला विचार, मी सांगायला आले होते.”

“आजच्या दिवशी तरी नको ना,” तो म्हणाला. थकलेला होता, रागावलेला नव्हता. “जा वर. रेणुकानं चहा टाकलाय तुझ्यासाठी.”

गल्लीच्या टोकाकडून हाक आली. सगळ्यांनी एकदम बटणं दाबली.

मागांच्या नव्या मोटारींचा वेग एकसारखा असतो, सुताएवढाही फरक नाही. एरवी वेगवेगळ्या वेळी सुरू झालेले माग एकमेकांचा जोर खात होते. आज गल्लीतला प्रत्येक माग एकाच ठोक्यावर चालत होता, कवायतीतल्या पलटणीसारखा. सरोजाच्या पायाखालची फरशी खालीवर व्हायला लागली. अंबादासनं वर बघितलं. कांडीच्या खोलीची चौकट मोडल्याचा आवाज झाला. त्यानं बटण बंद केलं, पण त्याच्या एकट्याच्या बटणानं काय होणार होतं? तो जिन्याकडं पळाला. “रेणुका,” एवढीच हाक तिला ऐकू आली. मग तिसरा मजला दुसऱ्यावर बसला, दुसरा पहिल्यावर, आणि गल्लीत दिवसा अंधार झाला.

रेणुका गेली. प्रवीण गेला. पहिल्या मजल्यावरचे चार कारागीर गेले. अंबादास जिन्याच्या तुळईखाली सापडला, जिवंत, एक पाय कापावा लागला.

दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी पोलीस बसवला होता. अनधिकृत बांधकाम, सदोष मनुष्यवध, गुन्हा त्याच्यावर. महापालिकेनं पत्रक काढलं की श्रवणचे निष्कर्ष केवळ मार्गदर्शक असतात, सुरक्षिततेची जबाबदारी मालकाचीच. कुलथ्यांची बदली पाणीपट्टीत झाली. जाण्याआधी त्यांनी ते रद्द केलेलं मोजमाप शोधलं. मिळालं नाही. रद्द मोजमापं साठवत नाहीत.

सरोजा खाटेपाशी बसली. अंबादास छताकडं बघत म्हणाला, “अक्का, हिरवं होतं ना?”

“हो.”

“तू पण बघितलंस ना?”

“बघितलं.”

“कोर्टात सांगशील?”

“सांगेन,” ती म्हणाली. आणि त्याचा हात धरून बसली. आपण न्हायला गेलो नसतो तर, हे ती त्याच्याशी बोलली नाही. कुणाशीच बोलली नाही.

महिन्याभरानं तिला फोन आला. तोच गोड आवाज. “आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आपण सेवेबद्दल समाधानी आहात का? समाधानी असल्यास एक दाबा.” तिनं नकाशा उघडला. भावाच्या घराच्या जागी ढिगारा होता आणि ढिगारा डुलत नाही. यंत्रानं तिथं लिहिलं होतं : स्थिती अत्यंत स्थिर.

गल्लीत माग सुरू झाले होते. पोट कुणाला चुकलंय? इरय्यामामांच्या घरात त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती राहतात. भावाचं घर पडताना त्या घराची आधाराची भिंत गेली, आता तिथं ताडपत्री आहे. सरोजानं त्या घराची तक्रार केली. उत्तर लगेच आलं, परिसराच्या सरासरीत.

ती आता रोज महापालिकेत येते. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर. कुलथ्यांच्या जागी आलेला पोरगेला इंजिनिअर तिला बसा म्हणतो, ती बसत नाही. भांडत नाही, रडत नाही. शिपायानं दोनदा खाली नेऊन सोडलं, ती पुन्हा चढून आली. अर्ज द्या म्हणतात, ती देत नाही. तिला नुकसानभरपाई नको, चौकशी नको, तुमचं दुःखही नको. तिचा प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तर तुमच्या पडद्यावर या क्षणाला उघडं आहे, कारण रस्त्याखालची काच अजून ऐकतेय, रात्रंदिवस.

इरय्यामामांच्या घराचा खरा आकडा किती? आत चार माणसं आहेत. सांगा.